काटा खाली आला म्हणजे मोटार थंड झाली असे नव्हे
डिझेल मोटारीचा ताप ओळखावा कसा?

घरात लेकरू तापाने फणफणलेले असते. आई घाईघाईने थर्मामीटर काखेत लावते. पण त्याचे टोक कातडीला न लागता सदऱ्याच्या कापडातच अडकते. दोन मिनिटांनी ती पाहते तो पारा ९७ वर. "ताप नाही," असे म्हणून ती सुटकेचा श्वास सोडते. आजी मात्र नातवाच्या कपाळाला हात लावते आणि म्हणते, "अगं, पोर भाजतंय की! नीट लाव बघू."

थर्मामीटर बिघडलेला नव्हता. त्याच्या टोकाला जे लागले होते त्याचेच तपमान त्याने सांगितले. मोटारीच्या डॅशबोर्डवरील तपमानाच्या काट्याचेही असेच आहे. तो इंजिनाचा ताप सांगतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात सेन्सरच्या टोकाला जे काही लागलेले असते, पाणी असो, वाफ असो वा नुसती हवा, त्याचाच तो ताप सांगतो. ही एक गोष्ट वेळीच ठाऊक असती तर आम्हाला काही वर्षांपूर्वी एका इंजिनाला मुकावे लागले नसते.

मे महिन्याचे दिवस होते. गोव्यातील काम उरकून जुन्या डिझेल जीपने आम्ही बेळगावकडे निघालो होतो. साखळी, केरी मागे पडली आणि चोर्ला घाट लागला. चढावर काटा हळूहळू वर सरकू लागला व पाऊण भागाच्याही वर गेला. आता थांबावे की काय, असे बोलणे चालले असतानाच तो झरझर खाली आला आणि पार थंडाच्या खुणेपाशी जाऊन बसला. "वारा लागला, थंड झाली बघा," असे कुणीतरी म्हटले आणि आम्ही सर्वांनी मान डोलावली. पुढच्या दोनतीन किलोमीटरांत गाडीची ओढ गेली, जळका वास आला आणि एक वळण घेताना इंजिन बंदच पडले. खालचा होजपाइप फुटून पाणी केव्हाच वाहून गेले होते. घाबरून आम्ही ओढ्याचे थंड पाणी आणून ओतले. त्याने उरलेसुरले कामही झाले: हेडला तडा गेला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी हेड उतरवले. आम्ही काट्याला दोष देऊ लागलो तेव्हा ते म्हणाले, "काटा खोटं बोलला नाही बघा. पाणी होतं तोवर पाण्याचं सांगितलं, पाणी गेल्यावर मोकळ्या जागेचं सांगितलं. एकदा वर गेलेला काटा चढावर आपोआप खाली येतोय म्हणजे गाडी थांबवायची, एवढं ध्यानात ठेवा की!"

आमच्या भागातील कितीतरी कुटुंबांचे पोट डिझेल मोटारीवर, जीपवर किंवा पिकअपवर चालते. बेळगाव-खानापूरची भाजी गोव्याला जाते ती घाट उतरून, आणि गाडी परतते ती घाट चढून. अशा घरात हेडचे काम निघाले की महिन्याची मिळकत जाते. म्हणून काट्याची भाषा कशी वाचावी आणि दोष पाण्यात आहे, सेन्सरमध्ये आहे की तारेत, हे घरच्या घरी कसे तपासावे, ते या लेखात सांगत आहोत.

पाण्याची वाटचाल

वॉटर बॉडी इंजिनातून पाणी फिरवते. इंजिन गार असताना थर्मोस्टॅटचे दार बंद असते, त्यामुळे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते व लवकर तापते. बहुतेक मोटारींत ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या सुमारास हे दार उघडू लागते. मग पाणी रेडिएटरमध्ये जाऊन निवते आणि परत येते. चालत्या डिझेल मोटारीचे पाणी ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान असेल तर काळजीचे कारण नाही. मोठ्या चढावर भरल्या गाडीत ते १०० च्या किंचित वर गेले तरी लगेच घाबरू नये.

१०० च्या वर गेलेले पाणी उकळत कसे नाही, असा प्रश्न काहींना पडेल. त्याचे उत्तर रेडिएटरच्या झाकणात आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने येथे उघड्या भांड्यातील पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते. मोटारीचे झाकण आतील दाब धरून ठेवते. ०.९ बारचे झाकण असेल तर तेच पाणी ११७-११८ अंशांपर्यंत उकळत नाही. कूलंट मिसळले तर मर्यादा आणखी थोडी वाढते. यावरून दोन गोष्टी कळतात. झाकणाचे रबर गेले की चांगले इंजिनही उकळू लागते. आणि गरम इंजिनाचे झाकण उघडले की दाब एकदम सुटून १०० अंशांच्या वरचे पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते.

सेन्सर काम कसे करतो?

थर्मोस्टॅटच्या जवळपास पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा एक छोटा तुकडा आट्यांनी किंवा चापाने बसवलेला असतो, तो सेन्सर. त्याच्या टोकात असा पदार्थ असतो की तो तापला म्हणजे विजेला होणारा त्याचा अडथळा कमी होतो. पदार्थाचा हा गुण मायकेल फॅरडे यांनी १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडवर प्रयोग करताना टिपला होता. सर्रास आढळणाऱ्या एका जातीच्या सेन्सरचा अडथळा २० अंशांना सुमारे २५०० ओहम, ४० अंशांना १२०० च्या आसपास, ८० अंशांना ३२० च्या आसपास आणि १०० अंशांना १९० च्या आसपास भरतो. प्रत्येक कंपनीचे आकडे थोडे वेगळे असतात; परंतु ताप वाढला की ओहम उतरले पाहिजेत, हा नियम या जातीच्या सर्व सेन्सरांना लागू आहे.

जुन्या मोटारीत सेन्सरला एकच तार असते; दुसरी वाट इंजिनाच्या धातूतून, म्हणजे अर्थिंगमधून जाते. नव्या मोटारीत दोन किंवा अधिक तारा असतात आणि निरोप काट्याकडे जाण्याआधी कॉम्प्युटरकडे जातो. काही गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि कॉम्प्युटरचा वेगळा असतो. दुकानातून नवा आणताना ही गोष्ट विचारून घ्यावी, नाहीतर चांगला सेन्सर निघतो आणि बिघडलेला तसाच राहतो.

नव्या मोटारींविषयी आणखी एक सावधगिरी. अनेक गाड्यांत पाणी ७५ असो वा १०५, काटा बरोबर मध्यावरच उभा राहील अशी योजना मुद्दाम केलेली असते. चालकाने उगाच घाबरू नये हा हेतू. अशा गाडीत काटा मध्याच्या पुढे हलला तर वेळ थोडा उरला आहे असे समजावे. काही गाड्यांना काटाच नसतो, फक्त दिवा असतो. लाल दिवा लागला की थांबण्यावाचून दुसरा उपाय नाही.

काट्याच्या पाच चाली

१) काटा कधीच वर येत नाही. तार सुटली असेल, सेन्सर गेला असेल, किंवा थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल. मात्र डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा उशिरा तापते, आणि जागेवर चालू ठेवल्यास फारच हळू तापते. घाट उतरताना काटा थोडा खाली येणे हाही दोष नव्हे.

२) चावी फिरवताच, इंजिन गार असताना, काटा टोकाला जातो. इंजिन क्षणात तापू शकत नाही. तार कुठेतरी सोलून धातूला लागली आहे, किंवा सेन्सर आतून जुळला आहे.

३) काटा उड्या मारतो, किंवा दिवे लावताच हलतो. अर्थिंग खराब आहे. बॅटरीपासून इंजिनाकडे व बॉडीकडे जाणाऱ्या जाड पट्ट्या काढून, घासून, पुन्हा घट्ट कराव्यात. एका तारेच्या सेन्सरच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळल्यानेही अर्थिंग तुटते. जुन्या मोटारीत डिझेलचा काटा आणि तापाचा काटा दोन्ही एकाच वेळी चुकत असतील तर दोघांना वीज पुरवणारा डॅशबोर्डमागील स्टॅबिलायझर पाहावा.

४) काटा चढावर किंवा रहदारीत हळूहळू वर जातो. हा बहुधा खरा ताप असतो. पाणी कमी, पट्टा सैल, पंखा बंद, रेडिएटर बुजलेला किंवा थर्मोस्टॅट अडकलेला, यांपैकी काहीतरी आहे. जुन्या मोटारीत पंखा, वॉटर बॉडी व चार्जिंग एकाच पट्ट्यावर असतात. म्हणून चार्जिंगचा दिवा आणि काटा एकदम वर आले तर पट्टा तुटला असे समजून त्याच जागी थांबावे.

५) काटा वर जाऊन अचानक खाली पडतो. ही आमच्या घाटातील चाल. पाणी गेले असे समजा आणि इंजिन बंद करा. खोटी शंका निघाली तर दहा मिनिटे जातील, एवढेच.

तपासणीचा क्रम

पहिले काम पाण्याचे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे झाकण सकाळी उघडून पाणी पाहावे. कमी असेल तर ते कुठे गेले ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. होजपाइप दाबून पाहावेत. फुगलेले, चिरलेले किंवा फार मऊ झालेले बदलावेत. पाणी बाहेर कुठेच गळत नसेल, पण गार इंजिन सुरू करताच होजपाइप कडक होत असेल, टाकीत सतत बुडबुडे येत असतील, किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. अशा वेळी सेन्सर बदलून काही साधत नाही.

दुसरे काम तारेचे. जुन्या, एका तारेच्या मोटारीत परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून चावी चालू करावी. सेन्सरची तार काढली की काटा थंडाकडे गेला पाहिजे. तीच तार क्षणभर इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावली की काटा गरमाकडे चढू लागला पाहिजे. चढू लागताच तार काढून घ्यावी. दोन्ही गोष्टी घडल्या तर काटा व तार ठीक आहेत, दोष सेन्सरचा किंवा त्याच्या अर्थिंगचा. कॉम्प्युटर असलेल्या मोटारीत हा प्रयोग करू नये. चुकीच्या तारा जुळल्या तर मोठे नुकसान होते.

नव्या मोटारीसाठी स्कॅनर लागतो. मोबाइलला जोडता येणारे छोटे स्कॅनरही आता मिळतात. त्यावर सर्वांत चांगली परीक्षा पहाटेची. रात्रभर उभ्या गाडीत इंजिन सुरू न करता चावी चालू करून पाण्याचे तपमान आणि आत येणाऱ्या हवेचे तपमान वाचावे. दोन्ही जवळजवळ सारखे असले पाहिजेत. चार-पाच अंशांचा फरक चालेल. हवा २२ आणि पाणी ५५ असे दिसले तर पाण्याचा सेन्सर किंवा त्याची तार चुकत आहे. पाणी उणे ४० दाखवत असेल तर घाबरू नये. खानापुरात बर्फ पडलेला नाही. तार सुटली आहे. याच्या उलट गार इंजिन १३०-१४० दाखवत असेल तर तारा एकमेकींना लागल्या आहेत. स्कॅनरवर 'पी ०११८' हा आकडा सुटलेल्या तारेकडे बोट दाखवतो, 'पी ०११७' जुळलेल्या तारेकडे, आणि 'पी ०१२८' हा पाणी पुरेसे तापत नाही, बहुधा थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे, असे सांगतो. तरी आकडा दिसताच भाग बदलू नये. आधी प्लग काढून त्यात गंज, पाणी किंवा वाकलेली पिन आहे का ते पाहावे.

तिसरे काम सेन्सरचे. गार इंजिनातून तो काढून त्याचे धातूचे टोक गरम पाण्यात धरावे, शेजारी थर्मामीटर ठेवावा आणि मल्टिमीटरने ओहम मोजत जावेत. पाणी तापेल तसे ओहम सरळ उतरत गेले पाहिजेत. मध्येच उडी मारली किंवा आकडा हललाच नाही तर सेन्सर टाकून द्यावा. उकळत्या पाण्याला १०० न धरता आपल्याकडे ९७-९८ धरावे.

थर्मोस्टॅटचीही परीक्षा अशीच. तो दोऱ्याने पाण्यात लोंबता ठेवून पाणी तापवावे. दार कधी उघडते ते पाहावे. उघडण्याचे अंश बहुधा त्याच्यावरच कोरलेले असतात. या कामाचे पातेले स्वयंपाकात पुन्हा वापरू नये. कारण पुढे दिले आहे.

गार काटाही महाग पडतो

काटा खाली राहतो म्हणून बरेच जण खूश असतात. काही ठिकाणी तर थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आहे. ही पद्धत चांगली नव्हे. गार इंजिन जास्त डिझेल पिते, धूर जास्त सोडते आणि त्याची झीज लवकर होते. १ एप्रिल २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना बीएस-६ नियम लागू झाले. अशा डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी वेळोवेळी जाळून टाकण्याचे काम कॉम्प्युटर करतो. परंतु पाणी पुरेसे तापल्याचा निरोप आल्याशिवाय तो ते सुरू करत नाही. शेकड्यांत मिळणारा सेन्सर "अजून गार आहे" असे सांगत राहिला तर हजारो रुपयांची जाळी बुजून जाते.

वाटेत तापली तर

काटा वर चढू लागला पण पाणी जागेवर आहे अशी खात्री असेल तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण सोडावा, सावलीत गाडी घेऊन इंजिन थोडा वेळ जागेवर चालू ठेवावे. वाफ दिसली, जळका वास आला, दिवा लाल झाला किंवा काटा अचानक पडला तर इंजिन ताबडतोब बंद करावे. निदान पाऊण तास झाकणाला हात लावू नये. नंतर जाड फडके घेऊन, तोंड बाजूला ठेवून झाकण थोडेसेच सैल करावे. फुसफुस पूर्ण थांबल्यावरच काढावे. गरम इंजिनात थंड पाणी कधीही ओतू नये. आमची फजिती वर सांगितलीच आहे.

भाजल्यास आणि कूलंट पोटात गेल्यास

वाफेने किंवा गरम पाण्याने भाजल्यास तो भाग लगेच वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज येण्याआधी काढावे. कापड चिकटले असेल तर ओढू नये. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांतले काहीही लावू नये. त्याने जखम झाकली जाते आणि डॉक्टरांचे काम वाढते. स्वच्छ कापडाने सैल झाकावे. फोड फोडू नयेत. चेहरा, डोळे, हात भाजले असतील किंवा भाजलेला भाग तळहाताहून मोठा असेल तर दवाखाना गाठावा. गोव्यात आणि कर्नाटकात १०८ वर रुग्णवाहिका मिळते.

दुसरा धोका कूलंटचा. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि रंगाने सरबतासारखे असल्याने मुले व कुत्री-मांजरे ते चाटतात. पोटात गेल्यावर आरंभी दारू प्यायल्यासारखी झिंग व उलट्या होतात; काही तासांनी श्वास जड होतो, मग मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. "आता बरा दिसतो" म्हणून थांबू नये. मुद्दाम उलटी करवू नये. कूलंटचा डबा बरोबर घेऊन तडक इस्पितळ गाठावे; वेळेत गेल्यास यावर उतारा देता येतो. कूलंट शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये आणि जुने कूलंट अंगणात, गोठ्याजवळ किंवा ओढ्यात ओतू नये.

शेतकरी वाचकांसाठी

ट्रॅक्टरलाही हेच नियम लागू आहेत. मळणीच्या दिवसांत भुसा उडून रेडिएटरच्या जाळ्या बुजतात आणि काटा वर जातो. इंजिन गार असताना पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या धारेने पाणी मारून जाळी धुवावी. जोराची धार पत्र्याच्या बारीक पट्ट्या वाकवते. रेडिएटरमध्ये विहिरीचे क्षारयुक्त पाणी न घालता कूलंट आणि बॅटरीत घालतो ते शुद्ध पाणी सांगितलेल्या प्रमाणात मिसळून घालावे. क्षाराचा थर सेन्सरच्या टोकावरही बसतो, आणि मग तोही उशिरा आणि कमी सांगू लागतो.

आमच्या त्या जीपला दुसरे हेड बसले आणि ती पुढे बरीच वर्षे चालली. तिच्या डॅशबोर्डवर मिस्त्रींनी खडूने एक रेघ ओढून ठेवली होती: काटा नेहमी जिथे उभा राहतो तिथली. काटा त्या रेघेच्या वर गेला तरी थांबायचे आणि कारण नसताना खाली गेला तरी थांबायचे, असा आमचा नियम ठरला. प्रत्येक मोटारीची ही रेघ वेगळी असते. वाचकांनी या आठवड्यात आपल्या मोटारीची रेघ पाहून ठेवावी, आणि घरात जे जे गाडी चालवतात त्या सर्वांना दाखवावी.